चुलीपासून न उठणाऱ्या सिंधूकाकू

झाशीतली मराठी घरं आता विखुरली आहेत. काही प्रेम नगरात, काही छावणीच्या कडेला, काही शहरातल्या जुन्या गल्ल्यांत. पोरांना आईची मराठी कळते, पण ती उत्तर हिंदीत देतात. तरी घरात कुणाची तिथी जवळ आली, की या सगळ्या घरांत एकच प्रश्न निघायचा, "सिंधूकाकूंना सांगितलं का?"

सिंधूकाकू मूळच्या गुरसराय गावच्या. विसाव्या वर्षी यज्ञेश्वरांचा हात धरून झाशीला आल्या. यज्ञेश्वर तहसिलीत कारकून, आणि सुट्टीच्या दिवशी भिक्षुकी करायचे. ते बाहेर पाटावर बसून मंत्र म्हणायचे, काकू आत चुलीशी बसायच्या. बाहेरचा मंत्र कुठवर आला आहे ते ऐकून आतला वडा तेलात सुटायचा. अशी त्या जोडप्याची चाळीस वर्षं गेली.

चूल म्हणायची, पण आता सगळीकडे गॅसची शेगडी. ती जमिनीवर मांडून घ्यायची, पुढ्यात पाट टाकायचा, आणि काकू बसायच्या. बसण्याआधीचा विधी मोठा. पहाटे त्या घरी जायचं, तिथे डोक्यावरून आंघोळ करायची, ओलेत्यानंच स्वयंपाकाचं पाणी भरायचं, मग उंच दांडीवर कुणाचा हात न लागता वाळलेला मुकटा नेसायचा. त्यानंतर कुणी शिवायचं नाही. खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी, गवार, आमसुलाची चटणी, सगळं त्या एका बैठकीत. ब्राह्मण जेवून उठेपर्यंत काकू खात नसत, पाणी पीत नसत आणि उठत नसत.

उठायचं नाही, याचा अर्थ नीट समजून घ्या. लघवीला जाऊन आलेली बाई सोवळ्यात राहत नाही. पुन्हा नहावं लागतं, पुन्हा दुसरं वस्त्र लागतं, आणि चुलीवर अर्धं शिजलेलं अन्न तिची वाट पाहत करपत बसतं. म्हणून काकूंनी सोपा उपाय काढला होता. आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. तहान लागली की जीभ टाळूला लावून ठेवायची. तरी घाई झालीच, तर मांडीवर मांडी घट्ट दाबायची आणि पुढचा वडा थापायचा. पहाटे पाचला बसलेली बाई दुपारी दोनला उठायची.

"चाळीस वर्षं झाली, एकदाही मधे उठले नाही," असं त्या म्हणायच्या. गळ्यात काळी पोत, हातात दोन बांगड्या, एवढंच सोनं त्यांच्या अंगावर कधीकाळी होतं. यज्ञेश्वर गेल्यावर तेही उतरलं. हे एक वाक्य मात्र उतरलं नव्हतं.

यज्ञेश्वरांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांची तिथी द्वादशीची. पितृपक्षातल्या द्वादशीला काकू दुसऱ्या कुणाचं बोलावणं घेत नसत. त्या दिवशी स्वतःच्या घरी, स्वतःच्या हातानं, नवऱ्यासाठी त्या चुलीशी बसायच्या. वर्षभराचं सगळं बळ त्या एका दिवसासाठी जपलेलं असायचं.

पण अंगात बळ उरलं कुठे होतं?

दोन वर्षांपासून काकूंना उन्हाळे लागत होते. लघवीला गेलं की आग, थेंबथेंब व्हायचं, आणि उठून आलं की पुन्हा जावंसं वाटायचं. ओटीपोटात कुणी बोट रोवून बसल्यासारखं दुखायचं. झाशीचा उन्हाळा म्हणजे दगडालाही घाम फुटवणारा, तेव्हा उन्हाळे लागणारच, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. धने-जिरे भिजवून प्यायच्या. सब्जा प्यायच्या. त्यानं नाही भागलं, तर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जाऊन हळूच म्हणायच्या, "भैया, वही गोली दे दो, जलन वाली." तो चार गोळ्या कापून द्यायचा. दोन घेतल्या की आग थांबायची. उरलेल्या दोन काकू डब्यात ठेवायच्या, पुढच्या वेळेला होतील म्हणून.

घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. विशेष म्हणजे दीप्तीला नव्हतं.

दीप्ती ही सून. तिचे वडील नागपूरकडून इथल्या सरकारी कारखान्यात नोकरीला आलेले, ती कारखान्याच्या वसाहतीत वाढली. मुलगा कौशिक त्याच कारखान्यात लागला आणि तिथेच जमलं. पोरगी गुणी, हसरी, कामाला वाघ. काकूंचा तिच्यावर राग नव्हता. एकच गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. दीप्ती प्रेम नगरातल्या एका तपासणीच्या लॅबमध्ये काम करायची. रोज सकाळी लोक बाटल्या आणून द्यायचे, आणि ही त्या बाटल्या उघडून, थेंब काचेवर घेऊन, दुर्बिणीत बघायची.

"दुसऱ्याची लघवी हाताळतेस तू," काकू एकदा म्हणाल्या होत्या. "माझ्या सोवळ्याच्या भांड्यांना हात लावू नकोस, बाई."

"हातमोजे असतात, आई," दीप्ती हसून म्हणाली. "तुमच्या मुकट्यापेक्षा स्वच्छ."

काकूंना ते हसणं लागलं होतं. दीप्तीनं मात्र त्यानंतर एकदाही सोवळ्याच्या भांड्यांच्या फळीला हात लावला नाही.

श्रावणात दीप्तीच्या ध्यानात आलं. सासू सकाळपासून चार-पाच वेळा न्हाणीघरात जाते, बाहेर येते तेव्हा दाराला धरून क्षणभर उभी राहते.

"आई, जळजळ होते का?"

"कशाची?"

"मला विचारताय कशाची! मी एक बाटली देते. पहिली धार सोडून द्यायची, मधली तेवढी बाटलीत धरायची. मी स्वतः बघते, दुसऱ्या कुणाला देणार नाही."

काकूंचा चेहरा तांबडा झाला. "सुनेनं सासूची लघवी तपासायची? हे दिवस बघायला ठेवलं होतं का मला?"

"अहो, आजार आहे तो, त्यात लाज कसली? बायकांना होतोच. आपली वाट आखूड असते, जंतू लवकर वर चढतात. पाणी कमी प्यायलं, तासन् तास दाबून ठेवलं, तर ते तिथेच घर करतात. वय झालं की आणखी सोपं होतं त्यांना. वेळेवर कळलं तर काही दिवसांच्या गोळ्यांत बरं होतं. नाही कळलं तर मूत्रपिंडापर्यंत जातं."

"उन्हाळे आहेत. जातील."

"सावन में उन्हाळे?"

"तू तुझ्या लॅबमध्ये जा," काकू म्हणाल्या, आणि विषय संपला.

पितृपक्ष आला. पंधरा दिवसांत अकरा घरं काकूंनी घेतली होती. प्रतिपदेपासून रोज पहाटे निघायच्या, रोज नऊ-नऊ तास कोरड्या बसायच्या. पंचमीला डब्यातल्या जुन्या दोन गोळ्या घेतल्या. या वेळी आग थांबली नाही. सप्तमीला डाव्या कुशीत, पाठीच्या अंगाला, कळ सुरू झाली. अष्टमीला लघवी गढूळ झाली आणि तिला वास येऊ लागला. काकू मनात दिवस पुढे ढकलत होत्या. नवमीचं एक घर झालं की मधे दोन दिवस विसावा, मग द्वादशी. यज्ञेश्वरांची द्वादशी झाली की मग काय व्हायचं ते होऊ दे.

नवमी रमाकांतांच्या घरी होती. रमाकांत बँकेतून निवृत्त झालेले, छावणीच्या अलीकडे त्यांचं घर. त्यांची आई सवाष्ण गेलेली, म्हणून अविधवा नवमीला तिचं श्राद्ध. काकू पहाटे नाहल्या, बसल्या. दहाच्या सुमाराला चुलीच्या इतक्या जवळ असूनही त्यांना थंडी वाजू लागली. दात दातांवर आपटू लागले. पळी हातातून सुटून परातीत पडली.

त्यानंतरचं काकूंना तुटक आठवतं. बाहेर कुणी मंत्र म्हणत होतं आणि तो आवाज यज्ञेश्वरांचा होता, एवढं त्यांना पक्कं आठवतं. बाकीचं रमाकांतांच्या बायकोनं, इंदूनं, नंतर सांगितलं. काकूंनी वड्यांचं पीठ खिरीत ओतलं. मग सरळ बसून हाक मारली, "अहो, पान वाढलंय, या ना!" आणि समोर कुणीच नसताना डोक्यावरचा पदर सारखा केला.

इंदू घाबरली. रमाकांत धावत आले. त्यांनी काकूंच्या डोळ्यांत पाहिलं, ते डोळे दुसरीकडेच कुठे बघत होते. रमाकांतांचे हात आपोआप जोडले गेले.

"आई आली," ते म्हणाले.

श्राद्धाचा दिवस, आईची तिथी, चुलीशी सोवळ्यातली बाई, आणि तिला भान नाही. त्या घराला दुसरं काय वाटणार? सगळे हात जोडून समोर बसले. रमाकांतांनी विचारलं, "आई, तुला काय हवं? काही राहिलंय का आमच्याकडून?"

"पाणी," काकू म्हणाल्या.

इंदूनं घाईघाईनं तांब्या पुढे केला. काकूंनी तो ढकलला. "नको. सोवळं आहे."

असा तास गेला. ती बाई तापानं जळत होती आणि चार माणसं तिच्यापुढे हात जोडून बसली होती. शिवायचं कुणी नाही, म्हणून कपाळाला हात लावून पाहावं असंही कुणाला सुचलं नाही. शेवटी इंदूनंच हळूच कौशिकला फोन लावला. कौशिक कारखान्यात अडकलेला, त्यानं दीप्तीला कळवलं. दीप्ती लॅबच्या पांढऱ्या कोटातच ई-रिक्षानं आली.

ती थेट आत शिरली. "अगं, सोवळं..." इंदू म्हणाली. दीप्तीनं ऐकलंच नाही. गुडघे टेकून बसली, सासूच्या कपाळावर हात ठेवला, नाडी पाहिली, पाठीला डाव्या बाजूला हलकेच दाबलं. काकू कळवळल्या.

"रमाकांतकाका," दीप्ती म्हणाली, "तुमची आई नाही आलेली. ही माझी आई आहे, आणि हिला ताप आहे. गाडी काढा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. रक्तदाब खाली गेलेला, नाडी धावत असलेली. कौशिक तोवर पोचला होता. तो म्हणाला, "डॉक्टरसाब, माँ को कुछ दिमाग़ का... बाबा गेल्यापासून एकटं एकटं..."

"डोक्याचा आजार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाला लघवीचा संसर्ग झाला की पुष्कळदा आधी भान जातं. घरचे म्हणतात वय झालं, भ्रम झाला. तेवढ्यात जंतू रक्तात उतरतात." आणि पहिली सुई टोचण्याआधी त्यांनी नमुना घेऊन ठेवायला सांगितलं, कुठल्या औषधाला हे जंतू दबतात ते कळावं म्हणून.

दशमीचा पूर्ण दिवस काकू कुठल्याशा धुक्यात होत्या. एकादशीच्या सकाळी धुकं फाटलं. छताचा पंखा दिसला, हाताला लावलेली नळी दिसली, उशाशी दीप्ती बसल्या बसल्या पेंगताना दिसली. काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "आज तिथी कोणती?"

"एकादशी, आई."

"मग मला आज घरी जायचंय. उद्या द्वादशी."

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हाही त्यांनी तेच सांगितलं. निदान सात-आठ दिवस शिरेतून औषध जायला हवं, असं बाईंनी समजावलं. काकू ऐकेनात. "सही करून सोडतात ना? कौशिक, तू सही कर. एक दिवस बसते, परवा परत येते."

कौशिक चुळबुळला. "दीप्ती, एक ही दिन की तो बात है. बाबांचं आहे. ताप पण उतरलाय."

"उतरला नाही, दाबलाय," दीप्ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तुला दाखवू का काय आहे ते? लॅबमध्ये बशीत जंतू वाढवतात. त्यावर औषधांच्या टिकल्या ठेवतात, कुंकवाच्या टिकलीएवढ्या. ज्या टिकलीभोवती रिकामा गोल उमटतो, ते औषध चालतं. आईच्या बशीत सात टिकल्या होत्या. पाचांना जंतू अगदी चिकटून वाढलेत. कोपऱ्यावरच्या दुकानवाल्याला विचारलं मी. दोन वर्षं दोन-दोन गोळ्या खाऊन सोडून दिल्या ना, मेले नाहीत ते, शहाणे झाले. आता दोनच औषधं उरलीत, ती शिरेतूनच जातात. उद्या नळी काढून हिला नऊ तास कोरडं बसवलंस, तर पुढच्या वर्षी दोन पानं वाढावी लागतील."

कौशिक बाहेर निघून गेला. काकूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुपारी डॉक्टरीणबाई कागद घेऊन पुन्हा आल्या. मागची सगळी हकिगत लिहून घ्यायची होती. साखर आहे का, खडा झाला होता का, अशी जळजळ पहिल्यांदा कधी झाली? काकू नेहमीसारखं एक-एक शब्दात उत्तर देत होत्या. मग बाईंनी सहज विचारलं, "मुलं किती?"

"एक."

"बाळंतपणं किती?"

काकूंनी हाताला लावलेली नळी जरा सरळ केली.

"दोन," काकू म्हणाल्या.

कौशिकच्या आधी एक मुलगी झाली होती. हे या घरात यज्ञेश्वरांखेरीज कुणाला माहीत नव्हतं, आणि तेही आता नव्हते. लग्नाला तिसरं वर्ष, काकूंना सातवा महिना. आश्विनातल्या अष्टमीला घरी देवीचा मोठा नैवेद्य असायचा. एरवी चुलीशी सासूबाई बसायच्या, पण त्या वर्षी त्यांचा हात तेलानं भाजला होता. म्हणून पहिल्यांदाच चूल काकूंकडे आली. दोन दिवस आधीपासून उन्हाळे लागलेले होते. मानाचं काम मिळालं म्हणून त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. पाणी प्यायल्या नाहीत, उठल्या नाहीत. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला, पाठ धरली. तिसऱ्या दिवशी पोटात कळा सुरू झाल्या.

"पसाभर होती," काकू म्हणाल्या. "दोन दिवस जगली."

डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. "तेव्हा लघवी तपासली होती?"

"त्या काळी कोण तपासणार? कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी ग्रह सांगितले. एक बाई म्हणाली, चुलीशी काही चुकलं असेल, देवीला चाललं नाही." काकूंचा आवाज सपाट होता. "मलाही तेच वाटलं. कुठेतरी ओवळं झालं असणार. म्हणून मग मी आणखी कडक झाले."

बाईंनी कागद आवरले. जाताना म्हणाल्या, "गरोदरपणी असा ताप आला तर दिवस भरायच्या आत मूल होतं कधीकधी. तुमचं तेच झालं, असं मी आज खात्रीनं सांगू शकत नाही."

त्या गेल्यावर खोलीत फक्त नळीतलं औषध ठिबकताना दिसत होतं. बेतवेचं पाणी उन्हाळ्यात जसं दगडांमधून वाट काढत सरकतं, तसं काहीतरी काकूंच्या आत सरकत होतं. चाळीस वर्षं ज्या वाटेकडे त्यांनी पाठ फिरवली होती, तिकडे.

"दीप्ती, मी तेव्हा उठले असते तर?"

दीप्तीला खोटं बोलणं सोपं होतं. "सांगता येत नाही, आई. कदाचित तरीही झालं असतं."

"आणि कदाचित नसतं झालं."

"हो," दीप्ती म्हणाली.

काकूंनी डोळे मिटले. "सासूबाई दारातच बसल्या होत्या गं. माझं तोंड बघून म्हणाल्या, सिंधू, ऊठ, जाऊन ये. पुन्हा नहाशील. मी बसते तोवर, देवी काही पळून जात नाही. सासूनं छळलं असं जगाला सांगण्याची सोय नाही मला. मीच म्हटलं, नाही, मी उठत नाही. लोकांनी म्हणावं, काय सून आहे."

त्यानंतर त्यांनी घरी जायचं नाव काढलं नाही.

द्वादशीला कौशिकनं देवळात शिधा नेऊन दिला. तांदूळ, डाळ, तूप, गूळ, दक्षिणा. अडचण असली की कोरडा शिधाही चालतो, असं गुरुजींनी त्याला सांगितलं. काकूंनी ऐकून मान हलवली. ज्या वेळी त्या चुलीशी बसलेल्या असायच्या, त्या वेळी त्या खाटेवर होत्या, आणि दर तासाला परिचारिका पेला भरून देत होती. एक-एक पेला त्या औषधासारखा प्यायल्या. यज्ञेश्वरांच्या तिथीला त्यांच्या पोटात पाणी गेलं, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

दहाव्या दिवशी सोडलं. तोवर पितृपक्ष सरून नवरात्र लागलं होतं. डाव्या मूत्रपिंडावर व्रण राहिला आहे, तो भरून येणार नाही, आहे तेवढं जपायचं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. दर दोन-तीन तासांनी उठायचं, दाबून ठेवायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं. उरलेल्या गोळ्या शेवटच्यापर्यंत संपवायच्या, बरं वाटलं तरी. आणि पुन्हा कधी आग झाली, तर दुकानातून गोळी न आणता आधी तपासणी करायची. काकूंनी सगळं मुकाट्यानं ऐकलं. डब्यात काही उरवलं नाही.

पंचमीला संध्याकाळी रमाकांत आणि इंदू भेटायला आले. सफरचंदं आणली होती. नवमीच्या गोष्टीवरून रमाकांत स्वतःवरच हसले. "काकू, मी तर तुमच्या पाया पडणार होतो हो! आईला विचारायचं होतं, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस."

काकूही थोड्या हसल्या.

मग मुद्दा निघाला. "अष्टमीला देवीचा नैवेद्य आहे. बरं वाटत असेल तर याल का? तुमच्याशिवाय आमच्याकडे सोवळ्याचं कोण करणार?"

काकूंनी पदर नीट केला. हे सांगायला त्यांना फार कष्ट पडले. "येईन, पण आता माझं पहिल्यासारखं नाही. मला मधे उठावं लागेल. पाणी प्यावं लागेल. त्याला सोवळं म्हणता येणार नाही. तुम्हाला चालेल का, विचार करा."

रमाकांत मोकळेपणानं हसले. "अहो काकू, एवढंच ना? आम्हाला काय! तुम्ही आत, आम्ही बाहेर. कोण बघायला येतंय? आणि खरं सांगू, आम्हाला तर वाटायचंच, की तुम्ही मधून मधून पाणी पीत असाल."

"मी पीत नव्हते," काकू म्हणाल्या.

"प्यायला असता तरी काय बिघडलं असतं?" इंदू म्हणाली. "नऊ-नऊ तास कुणी राहतं का? मी तर यांना म्हणायचे, काकू मागच्या दारानं जाऊन येत असतील बिचाऱ्या. त्यात काय एवढं."

ती मायेनंच बोलली. तिच्या आवाजात टोचणी नव्हती. असती तर बरं झालं असतं, काकूंना उलट बोलता आलं असतं. त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. ही चांगली माणसं. ही चाळीस वर्षं जेवली, तृप्त झाली, नमस्कार करून गेली. आणि ते न उठणं, न पिणं त्यांनी कधी मागितलंच नव्हतं.

"अष्टमीला दुसरं कुणी बघा," काकू म्हणाल्या. "मला आता बसवत नाही."

ते दोघं हळहळत गेले. दीप्ती अजून लॅबमधून यायची होती. काकू उंबऱ्याजवळ खुर्ची घेऊन बसल्या. गल्लीत देवीच्या मंडपाचे दिवे लागत होते, ढोलकीवर बुंदेली गाणं सुरू होतं, पोरी नटून थटून निघाल्या होत्या. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या बाईकडे काकू बघत राहिल्या. चाळीस-एक वर्षांची असेल. मुलीचा हात धरून घाईघाईनं मंडपाकडे चालली होती.

कौशिक कारखान्यातून आला. बूट काढता काढता म्हणाला, "माँ, इथे का बसलीस? पाणी प्यायलीस का? दीप्तीनं विचारलं तर मी काय सांगू?"

"प्यायले."

"दवा?"

"घेतली. तू इथे बस जरा."

"क्या हुआ?" तो घाबरून खाली पायरीवर बसला. दुखतंय का, ताप आलाय का, असे प्रश्न त्याच्या तोंडावर दिसत होते.

"दुखत नाही काही," काकू म्हणाल्या. "तुला एक सांगायचं राहिलंय. तुझ्या आधी मला एक मुलगी झाली होती. तुला बहीण होती, कौशिक."

कौशिक आईकडे वळला. गल्लीतलं गाणं चालूच होतं. त्यानं विचारलं, आणि नेहमी हिंदीकडे वळणारा तो मुलगा या वेळी मराठीतच बोलला.

"तिचं नाव काय होतं?"

"ठेवलं नव्हतं," काकू म्हणाल्या. "बारावा दिवस उजाडलाच नाही."